चोवीसात चारच गाणी!

"चोवीस ट्रॅक, त्यात गाणी चार. ह्याला अल्बम म्हणायचं?"

बाब्यानं बसता बसताच तोफ डागली आणि पुढचे दोन तास कट्ट्यावरून कुणी हललं नाही. विषय नाइन इंच नेल्स ह्या अमेरिकन इंडस्ट्रियल (यंत्रासारख्या खरखरीत आवाजांचं रॉक) बँडच्या 'ट्रॉन: एरीझ'चा, म्हणजे त्याच नावाच्या सिनेमाच्या संगीताचा. अल्बम आला १९ सप्टेंबर २०२५ ला आणि सिनेमा तीन आठवड्यांनी, १० ऑक्टोबरला. बोलणारे चौघं. बाब्याच्या लेखी ह्या बँडचं घड्याळ १९९४ सालीच बंद पडलंय. मुग्धा सिनेमापेक्षा त्याचं पार्श्वसंगीत जास्त मन लावून ऐकते. सलीमला गाणं ऐकू येण्याआधी त्याची लेव्हल दिसते. आणि तेजू नवी, तिचा ह्या बँडचा हा पहिलाच अल्बम. मी टिपून घेत होतो. मध्ये मध्ये माझंही घुसवलंय, तेवढं चालवून घ्या.

"सिनेमाचं संगीत आहे ते," मुग्धा म्हणाली. "त्यात गाणी कसली मोजतोस?"

"मग सिनेमाचं म्हणूनच काढायचं. वर बँडचं नाव कशाला?"

हा मुद्दा झटकण्यासारखा नव्हता. बँडचा गायक-कर्ता ट्रेंट रेझ्नर आणि त्याचा साथीदार ॲटिकस रॉस २०१० च्या 'द सोशल नेटवर्क'पासून सिनेमांना संगीत देतायत. त्या कामाला ऑस्कर मिळालं, तेही ह्या दोघांच्या नावावर. रॉस बँडचा अधिकृत सदस्य झाला २०१६ मध्ये. तरी त्यानंतरही सिनेमाचं काम एका खात्यात आणि बँडचं दुसऱ्या खात्यात, असंच चाललं होतं. पार्श्वसंगीतावर 'नाइन इंच नेल्स' अशी पाटी पहिल्यांदा लागली ती 'एरीझ'वर.

"आणि 'घोस्ट्स एक ते चार'चं काय?" मुग्धानं विचारलं. "मार्च २००८. छत्तीस तुकडे, गाणं एकही नाही. पाटी कुणाची? बँडचीच ना?"

तेजूनं लगेच हिशोब मांडला, "छत्तीसात शून्य, चोवीसात चार. म्हणजे प्रगतीच आहे की!"

बाब्या हसला, पण हटला नाही. "घोस्ट्सचं वेगळं. पहिले नऊ तुकडे फुकट, अख्खा अल्बम पाच डॉलरला, वर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे खुल्या वापराचा, परवाना. घ्या, मोडा, जोडा, फक्त विकू नका. गाण्याचं आमिष कुणी दाखवलंच नव्हतं. इथं जुलैतच 'ॲज अलाइव्ह ॲज यू नीड मी टू बी' हे एक गाणं आधी बाहेर काढलं. नाचायला लावणारा ठोका, सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, जाड बेस, आवाजाचे कापून कापून केलेले तुकडे, रेझ्नर पुढे येऊन गातोय. ते ऐकून माणसानं काय समजायचं? असली दहा-बारा येणार म्हणूनच ना?"

पटलं. अल्बमआधी सुटं काढलेलं गाणं, सिंगल, म्हणजे वायदा. अल्बम उघडताना आपण तो वायदा हातात धरून बसतो, आणि बाब्याची अर्धी चिडचीड तिथली होती. उरलेली अर्धी कुठली, ते कळायला सलीमला बाब्याची उलटतपासणी घ्यावी लागली.

पण त्याआधी गाण्यांच्या जागा बघा, कारण वाद वारंवार तिथंच येत राहिला. गायलेली पहिली तिन्ही गाणी अल्बमच्या पहिल्या अर्ध्यात आहेत. तिसरं, 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरएव्हर?', जुडेलिन ह्या स्पॅनिश गायिकेबरोबर गायलेलं, ते बाराव्या क्रमांकावर. चौथं 'शॅडो ओव्हर मी' एकदम टोकाला, चोविसावं. म्हणजे तेरापासून तेविसापर्यंत सलग अकरा तुकडे बिनशब्दांचे. ज्याला ज्याला हा अल्बम लांबला असं वाटलं, त्याला तो ह्याच पट्ट्यात लांबला असणार. मुग्धाचं म्हणणं असं, की खरा अल्बम ह्या पट्ट्यातच आहे आणि गाणी म्हणजे नुसते दरवाजे. बाब्याचं उत्तर: "दरवाजे चार आणि घर नाही."

"ते राहू दे," सलीम म्हणाला. "ऐकलास कसा, ते बोल."

"कसा म्हणजे? कानांनी."

"फोनवर?"

"फोनवर."

"शफल?"

बाब्या गप्प.

"क्रॉसफेड? एक संपता संपता दुसरं सुरू?"

"असेल सहा-सात सेकंद. त्यानं काय होतंय?"

"ईक्यू? म्हणजे बेस, ट्रेबल वर-खाली केलेत?"

"छे. ईक्यू मी वापरतच नाही."

सलीमनं इथून जे धरून ठेवलं ते जरा सविस्तर देतो. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं बोलणं हेच होतं.

स्ट्रीमिंगचं ॲप गाणं जसंच्या तसं वाजवत नाही, आधी त्याची पातळी सारखी करतं. ह्याचं माप एलयूएफएस, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४, ॲपल म्युझिकच्या साउंड चेकचं उणे १६. गाणं मास्टर करताना, म्हणजे शेवटची पातळी बसवताना, उणे ८ ला ठेवलं असेल, तर उणे १४ वर आणायला ॲप ते ६ डेसिबलनं खाली ओढतं. एवढ्यात काही बिघडत नाही, सगळंच सारखं खाली येतं. खरी गडबड शफलनं होते. अल्बम ओळीनं लावला तर स्पॉटिफाय अख्ख्या अल्बमला एकच माप लावतं, त्यामुळे मोठा तुकडा मोठा राहतो आणि हळू तुकडा हळू. शफल केलं, किंवा तुकडे उचलून प्लेलिस्टमध्ये टाकले, की प्रत्येकाला वेगळं माप. जो गरजणारा त्याला खाली दाबतो, जो कुजबुजणारा त्याला वर उचलतो.

"आता हे तुझ्याच लाडक्या अल्बमला लाव," सलीम म्हणाला. "१९९४ चा 'द डाउनवर्ड स्पायरल', ट्रॅक नऊ आणि दहा."

नववा 'बिग मॅन विथ अ गन', दहावा 'अ वॉर्म प्लेस'. आधी दीड-एक मिनिट नुसता आरडाओरडा आणि चिरफाड, आणि त्याच्या पाठीवर, शब्द नाही, ठोका नाही, असा मऊसूत तुकडा. दहाव्याची सगळी ताकद नवव्याच्या शेजारात आहे. दोघांना वेगवेगळं उचलून एका उंचीवर आणून ठेवलं, तर नववा नुसता किरकिरा वाटेल आणि दहावा नुसता गोड. "आणि त्या अल्बमला तू शफलवर ऐकून नावं ठेवशील का? मग ह्याला का ठेवतोस? इथं तर चोवीस तुकडे, आणि त्यातले बरेचसे एकमेकांना टेकून उभे."

क्रॉसफेडवर सलीमची जास्तच खुन्नस. सहा सेकंदांचा क्रॉसफेड म्हणजे प्रत्येक तुकड्याची शेवटची सहा सेकंदं पुढच्याच्या पहिल्या सहा सेकंदांवर सांडलेली. चार मिनिटांच्या गाण्याला ते खपून जातं. दीड-दोन मिनिटांच्या वाद्यतुकड्यात दोन्ही टोकांना सहा-सहा गेली, म्हणजे दहावा हिस्सा गेला. आणि पार्श्वसंगीताचे तुकडे संपतात कसे, हेच त्यांच्यात ऐकण्यासारखं असतं.

मुग्धानं ह्याला २०१७ च्या 'ॲड व्हायलन्स'मधलं 'द बॅकग्राउंड वर्ल्ड' जोडलं. पावणेबारा मिनिटांचा ट्रॅक. गाणं पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात आटोपतं आणि मग एकच तुकडा ५२ वेळा फिरतो, प्रत्येक फेरीला थोडा जास्त खराब होत. शेवटी नुसती खरखर उरते. वर प्रत्येक फेरीच्या सांध्यावर एक बारीक अडखळ मुद्दाम ठेवलेली, तबकडी अडकावी तशी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा हात फाइल बिघडली म्हणून पुढे ढकलायच्या बटणाकडे जातो. ह्या बँडच्या बाबतीत 'हे बिघडलंय का असंच आहे' हा प्रश्न ऐकण्याचाच भाग आहे. म्हणून तर आपल्याकडची खरी बिघाडं आधी काढून टाकायला हवीत, नाहीतर कशाची दाद द्यायची तेच कळत नाही.

"मग ते ओळखायचं कसं?" तेजूनं विचारलं. "मला तर सगळंच फाटल्यासारखं ऐकू येतं."

सलीम खूश. एवढा वेळ तो ह्याच प्रश्नाची वाट बघत असावा.

पहिली कसोटी आवाज कमी करण्याची. फाटलेपणा निम्म्या आवाजातही तसाच राहिला तर तो रेकॉर्डिंगमध्ये आहे. गेला तर तुझा हेडफोन किंवा ॲम्प ओरडत होता. राहिला, तर दुसरी कसोटी: एकच थर फाटतोय की सगळं एकदम? मुद्दाम केलेल्या फाटकेपणात बेस किंवा आवाज करवतीसारखा कापत असतो आणि त्याच क्षणी झांज किंवा पियानो वर स्वच्छ वाजत असतो. मास्टरिंगमध्ये जास्त दाबल्यामुळे फाटलं असेल, तर किकचा (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका पडला की त्याच्याबरोबर गाणाऱ्याचा आवाज, सिंथ, सगळं एकदम चुरचुरतं आणि ठोका ओसरला की परत साफ होतं. तिसरी कसोटी डोळ्यांची. स्वतःकडे फाइल असेल तर ऑडॅसिटी ह्या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडायची, मोठी करून बघायची. लाटेची डोकी ओळीनं सपाट कापलेली दिसली तर कापलेली आहेत. तिथल्या विश्लेषणाच्या मेनूत हे कापलं जाणं, क्लिपिंग, शोधायची सोयही आहे.

"पण सपाट डोकं दिसलं म्हणून लगेच शिव्या घालायच्या नाहीत," त्यानं बजावलं. "फाटकी सिंथ मुळातच सपाट डोक्याची असते. म्हणून आधी कान, मग डोळे."

आणि ईक्यू. बेस ६ डेसिबल चढवला, तर तिथली लाट दुपटीनं उंच होते. आजकालचे अल्बम आधीच कमाल पातळीला टेकलेले. वर जागाच नाही, तर ती दुप्पट लाट जाणार कुठे? छताला आपटते आणि फाटते. बेस चढवायचाच असेल, तर प्रीॲम्प, म्हणजे ईक्यूतली एकूण पातळीची पट्टी, तेवढाच, म्हणजे ६ डेसिबल, खाली आणायचा. बहुतेक जण पहिलं करतात, दुसरं करत नाहीत आणि मग बँडला नावं ठेवतात.

मास्टरिंगचा विषय निघाल्यावर २०१३ चा 'हेझिटेशन मार्क्स' येणारच होता. त्याचे खुद्द बँडनं दोन मास्टर काढले, एक नेहमीचा जोरकस आणि दुसरा 'ऑडिओफाइल' म्हणून, कमी दाबलेला. एकच अल्बम, तेच मिक्स, पण पहिलं मत कुठला ऐकला त्यावर फिरू शकतं. बाब्या म्हणाला, "मला दोन्ही सारखेच वाटले." सलीमनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती लिहिता येणार नाही.

इथवर बाब्या नुसता मार खात होता. मग त्यानं पवित्रा बदलला, आणि नीट बदलला.

"बरं, लेव्हलचं सगळं मान्य. ताल कुठल्या सेटिंगनं बदलणार आहेस? 'मार्च ऑफ द पिग्ज' मोजून बघ. सात, सात, सात, आठ. एकोणतीस मात्रांचं आवर्तन. तिसऱ्या साताला अंदाज येतो, मान डोलायला लागते, आणि तेवढ्यात चौथ्यात एक मात्रा जास्तीची येऊन पाय चुकवते. आणि इथं? ठोका, ठोका, ठोका, ठोका. सरळसोट चार."

त्यानं कट्ट्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. तेजूला दोन आवर्तनं चुकली, तिसऱ्याला तिनं सम बरोबर पकडली. कागदावर २९/८ वाचून जे कळत नाही ते असं मोजलं की एका मिनिटात कळतं. सात-सात-सातला हात गुडघ्यावर, आठाला कट्ट्यावर.

मुग्धा तयारीतच होती. "मग 'क्लोजर'? त्याच अल्बममधलं, पुढचंच. मिनिटाला नव्वदच्या आसपास ठोके, सरळ चार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बँडचं सगळ्यात ओळखलं जाणारं गाणं तेच. किकसुद्धा इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग'मधून उचलून बदललेला. सरळ ठोका तुला तेव्हा चालला. तिथं ठोका हलत नाही, त्याच्यावर थर चढत जातात. दर आठ-सोळा मात्रांनी काहीतरी नवीन येतं, आणि शेवटी सगळं गळून जाऊन पियानो उरतो."

"पियानोचं नाव काढलंसच तर," सलीम म्हणाला, "त्या शेवटच्या पियानोची सुरावट पुढे कुठे येते?"

बाब्यानं क्षणात उत्तर दिलं. "तेराव्यात. 'द डाउनवर्ड स्पायरल', अल्बमच्याच नावाच्या ट्रॅकमध्ये."

"पहिल्या ऐकण्यात कळलं होतं?"

इथं पहिल्यांदा बाब्याची गोची झाली. पाचव्या ट्रॅकच्या शेपटीतली ओळ तेराव्यात परत येते, मध्ये सात ट्रॅकचा धुरळा. ती पहिल्या फेरीत पकडणारा माणूस विरळा. मुग्धाचा सगळा भर ह्याच्यावर होता. पार्श्वसंगीतात ओळी परत परत येतात, कधी हळू, कधी उलट्या सुरात, कधी नुसत्या बेसमध्ये. हा बँड सिनेमात जाण्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत होता. तेरा ते तेवीसच्या पट्ट्यात कान ठेवायचा तो गाणं कधी येतंय म्हणून नको, आधीच्यातलं काय परत येतंय म्हणून ठेव, असं तिचं सांगणं.

"आणि गिटार?" बाब्यानं शेवटचा पत्ता टाकला. "मला गिटार पाहिजे. सिंथ-सिंथ काय करताय?"

ह्यावर सलीमचं उत्तर थोडं दुष्टपणाचं होतं, पण खरं होतं. 'डाउनवर्ड स्पायरल'मधली गिटार म्हणून बाब्या जिच्यावर जीव टाकतो, ती बरीचशी थेट संगणकात घेऊन टर्बोसिंथसारख्या प्रोग्राममधून पिळलेली. तार छेडली गेली एवढंच तिचं गिटारपण, पुढचा सगळा आवाज घडवलेला. म्हणजे कानाला सवय लागलीये ती फाटकेपणाची, सहा तारांची नाही.

मग त्यानं फोनचा स्पीकर लावून जे समजावलं, ते मला नवीन होतं. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून काहीशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही निघतच नाही. तरी जुन्या अल्बममधला बेस फोनवर ऐकू येतो. कसा? आवाज फाटला की मूळ सुराच्या पटीत वरचे सूर तयार होतात: ८२, १२३, १६४, असे वर वर. आठवी पट ३२८ हर्ट्झची, ती फोनमधून निघते. कान हे वरचे सूर ऐकतो आणि खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. उलट स्वच्छ, गोल, खोलवरचा सिंथ-बेस असेल, तर त्याला हे वरचे सूरच नाहीत. फोनवर तो गायब. हेडफोनवर पोटात गुद्दा, फोनवर शून्य.

"म्हणून," सलीम म्हणाला, "फोनवर जुना अल्बम भरीव लागतो आणि नवा पोकळ. ह्यात बँडनं कुठे काय बदललं? तू कुठून ऐकलंस त्याचा फरक."

तेजूनं मध्येच विचारलं, की तिच्याकडच्या जुन्या १२८ च्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी थ्री फाइल्समध्ये सगळ्या गोंगाटाला पाण्याखालून आल्यासारखा आवाज का येतो. त्याचं कारण ह्याच जातीच्या संगीतात आहे. एमपी थ्री जागा वाचवतं ती आवाज सुरासुरांत फोडून आणि कानाला न कळणारं फेकून. बासरीचा एक सूर सोपा, थोड्या जागेत मावतो. नुसती खरखर म्हणजे सगळ्या सुरांवर पसरलेली चीज. तिला सगळ्यात जास्त बिट लागतात, आणि १२८ मध्ये ते मिळत नाहीत. मग खरखरीच्या जागी ती घुळघुळ ऐकू येते. शिवाय एमपी थ्री फाइलच्या सुरुवातीला साधारण २५ मिलिसेकंदांची रिकामी जागा पडते, शेवटीही थोडी. प्लेअरला ती कापता आली नाही, तर जोडून वाजणाऱ्या दोन ट्रॅकमध्ये टिचकी ऐकू येते. इंडस्ट्रियल ऐकायचं तर फ्लॅक (काहीही न फेकणारी फाइल) घ्या, नाहीतर निदान २५६-३२० च्या खाली उतरू नका, एवढं साधं आहे.

तेजूला ऐकायचं कसं, ह्यावर मात्र सगळ्यांचं बऱ्यापैकी जमलं. शफल बंद, क्रॉसफेड शून्य, गॅपलेस, म्हणजे ट्रॅकमध्ये खंड न पाडणं, चालू, ईक्यू सपाट. ॲपल म्युझिक असेल तर डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आवाज येतोय असं वाटवणारी पद्धत) आपोआप लागू देऊ नको, कारण ॲटमॉसचं मिक्स वेगळं असतं आणि नियमानं उणे १८ च्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे स्टिरिओशी तुलना फसते. आवाज पहिल्या पाच मिनिटांत ठरव आणि शेवटपर्यंत हात लावू नको. हळू तुकड्याला वाढवलास, तर पुढचा तुकडा कान फोडतो आणि मग सगळंच खाली जातं.

नॉर्मलायझेशनवर, म्हणजे ॲपच्या त्या पातळी सारखी करण्यावर, भांडण झालंच. मुग्धा म्हणे बंद कर, सलीम म्हणे चालू ठेव. बरंच ताणल्यावर निघालं ते असं: नुसता हाच अल्बम ऐकायचा तर बंद. १९९४ च्याशी तुलना करायची तर चालू, कारण जुनी सीडी मुळात हळू मास्टर केलेली, आणि एक डेसिबल मोठं वाजणारंही कानाला 'चांगलं' वाटून जातं. तुलना करताना पातळी सारखी नसेल तर तू संगीत मोजत नाहीस, नॉब मोजतेस.

"आणि तासाभरानं कान थकतात," सलीमनं जोडलं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. कान पूर्ण बिघडण्याच्या बऱ्याच आधी वरचे सूर बोथट व्हायला लागतात. जोरात ऐकणाऱ्याला अल्बमचा दुसरा अर्धा मंद वाटतो, त्यात थोडा हात थकलेल्या कानाचा. बारा ट्रॅक झाल्यावर दहा मिनिटं थांबलं तरी बिघडत नाही. बाराव्याला गाणं संपतं, थांबायला जागा चांगली आहे.

थर ऐकायला शिकायचं तर २००५ च्या 'द हँड दॅट फीड्स' गाण्याची गॅरेजबँड (ॲपलचा संगीताचा प्रोग्राम) फाइल शोध, असंही तिला सुचवलं. बँडनंच सगळे ट्रॅक सुटे करून दिले होते. आधी ड्रम बंद करून ऐकायचं, मग नुसता बेस, मग नुसता आवाज. अर्ध्या तासात कळतं, की जी भिंत वाटत होती ती किती विटांची आहे.

बाब्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही सगळे 'द फ्रॅजाइल'चं उदाहरण देणार, मला माहितीये."

कुणीतरी देणारच होतं. सप्टेंबर १९९९, दोन सीडी, तेवीस ट्रॅक. पहिल्या आठवड्यात बिलबोर्डवर, अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, पहिला, दुसऱ्या आठवड्यात थेट सोळावा. आज त्याच अल्बमला डोक्यावर घेणारे ढिगानं आहेत. त्यात परत सीडीवाला आणि रेकॉर्डवाला 'फ्रॅजाइल' एक नाहीच. रेकॉर्डवर दोन तुकडे जास्तीचे आणि काही ट्रॅक लांब.

"पण ह्याचा अर्थ काय?" बाब्या तापला. "दहा वर्षांनी आवडेल म्हणून आज आवडला म्हणू? जे अल्बम दहा वर्षांनीही तसेच राहिले त्यांची नावं कुणी घेत नाही. 'फ्रॅजाइल' वर आला म्हणून सगळेच वर येतात का?"

ह्याला उत्तर नव्हतं. मुग्धानं विषय ट्रॉनच्या खानदानाकडे, आधीच्या सिनेमांच्या संगीताकडे, वळवायचा प्रयत्न केला: १९८२ ला वेंडी कार्लोस, सिंथ आणि लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकत्र, २०१० ला डाफ्ट पंक ही फ्रेंच जोडी, ८५ वादकांचा ताफा घेऊन, आणि आता हे, सिंथ पुढे काढून. त्या ओळीत 'एरीझ' ऐकला तर त्याचं कोरडेपण हा निर्णय वाटतो, उणीव वाटत नाही. मला हे पटलं. बाब्याला नाही. "मी ट्रॉनचा फॅन नाही, बँडचा आहे," एवढंच.

शेवटी ठरलं, की बाब्यानं एकदा, एकदाच, नीट ऐकायचा. तिथंच फोन काढायला लावला. शफल बंद केलं. क्रॉसफेडची पट्टी सातवर होती, ती शून्यावर आणली. मग सलीमनं ईक्यूचं पान उघडलं.

बास बूस्टर. चालू.

"हे मी नाही केलं," बाब्या म्हणाला.

कुणी काही बोललं नाही. सलीमनं बोटानं पट्टी सपाट केली आणि फोन परत दिला. बाब्यानं हेडफोन चढवले, पहिला ट्रॅक लावला, दीड-दोन मिनिटं ऐकला. मग एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला.

"बेस आहे," तो म्हणाला. "पण गाणी चारच आहेत."